एक राज्य, अनेक मातृभाषा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझा व्यवसाय कापडाचा आहे. भाषाशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तथापि दुकानाच्या गादीवर आयुष्य घालविलेल्या माणसाच्या कानावर अनेक भाषा पडत असतात. आपल्या खानदेशात बाजाराच्या दिवशी कोणी अहिराणीत भाव विचारतो, कोणी लेवा बोलीत. सातपुड्यातून आलेले पावरा बांधव आपसांत पावरीत विचारविनिमय करतात, आणि आपण व्यापारी मंडळी मारवाडीत वा गुजरातीत हिशेब करतो.

१ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे म्हणून आपले राज्य स्थापन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील शंभरांपैकी सुमारे ६९ जणांची मातृभाषा मराठी आहे. उरलेल्यांत हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू, कन्नड, भिली, गोंडी अशा कितीतरी भाषा येतात. मराठी, गुजराती, मारवाडी या आर्यकुळातील. गोंडी व कोलामी द्रविडकुळातील. मेळघाटातील कोरकू मुंडाकुळातील. बुलढाणा जिल्ह्यातील निहाली भाषेचे तर कोणत्याच भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही.

या विविधतेकडे आदराने पाहण्याचा संस्कार आपल्याला परंपरेनेच दिला आहे. भगवान महावीरांनी लोकांना समजेल अशा अर्धमागधीत उपदेश केला. उद्योतनसूरींनी आठव्या शतकात जालोर येथे रचलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेचे एक वर्णन आहे. त्यात देशोदेशींचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दिसतात, आणि त्यांत मराठी माणूसही आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींच्या चरणांशी चामुंडरायांचे नाव कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेले आहे. गुणकीर्तींनी ‘धर्मामृत’ मराठीत लिहिले, तर आचार्य भिक्षूंनी राजस्थानीत विपुल रचना केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी व प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला, ही आपणा सर्वांना दुहेरी आनंदाची गोष्ट होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. २०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेसाठी २०२७ हे वर्ष जाहीर झालेले आहे. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहावे, असे अनेक जण विचारतात. मराठी सांगितली नाही तर आपण परके ठरू, अशी शंका काहींच्या मनात असते. तर काही जण सोयीसाठी हिंदी सांगून मोकळे होतात. २०११ च्या जनगणनेतील व्याख्या अगदी साधी होती: बालपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली, ती मातृभाषा. त्याखेरीज अवगत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदविण्याची सोय होती.

जनगणनेच्या तक्त्यांत मारवाडी हिंदीच्या गटात आणि कच्छी सिंधीच्या गटात धरली जाते. तरीही त्या गटांखाली त्यांची स्वतंत्र संख्या छापली जाते. २०११ मध्ये देशभरात मारवाडी सांगणारे सुमारे ७८ लाख होते. ज्यांनी घरी मारवाडी बोलूनही हिंदी सांगितली, ते या संख्येत आलेच नाहीत. म्हणून ज्याची जी असेल ती मातृभाषा त्याने निःसंकोच सांगावी, आणि मराठी येत असल्याचेही अभिमानाने नोंदवावे. या राज्याने आपल्याला अन्न दिले, प्रतिष्ठा दिली. त्याची भाषा उत्तम बोलणे व लिहिणे हे आपले कर्तव्यच आहे. घरची भाषा जपल्याने त्या कर्तव्यात उणेपणा येत नाही.

खरी चिंता घरातलीच आहे. आजी मारवाडीत विचारते आणि नातू इंग्रजीमिश्रित हिंदीत उत्तर देतो. स्तवने व ढाळी मुलांना पाठ असतात, परंतु अर्थ उमगत नाही. आपल्या पूर्वजांच्या वह्या मुडिया लिपीत आहेत. त्या लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असतात, त्यामुळे शब्द ठाऊक नसेल तर अक्षर ओळखूनही वाचता येत नाही. भाषा गेली की त्या वह्या केवळ रद्दी ठरतील.

येथे बहिणाबाई चौधरींचे स्मरण होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या चिरंजीव सोपानदेवांनी व आप्तांनी टिपून ठेवल्या, म्हणूनच १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने जगापुढे आल्या. कोणीतरी वेळेवर लिहून घेतले, हे त्यातील मर्म आहे.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पाठशाळेत स्तवनांचा अर्थ मूळ बोलीत व मराठीत, असा दोन्ही प्रकारे सांगावा. समाजातील ज्येष्ठ माता-भगिनींची लग्नगीते, म्हणी व कथा ध्वनिमुद्रित करून ट्रस्टच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. ज्यांना मुडिया वाचता येते, त्यांनी निदान चार तरुणांना ती शिकवावी. या कामाला फारसा पैसा लागणार नाही, वेळ मात्र द्यावा लागेल. आणि जाणकार मंडळी आपल्यात आहेत तोवरच ते होऊ शकेल.

 जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!