प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर

मंडळी, बाबांच्या परवानगीनेच बोलतो आहोत. बालाघाटहून गोंदियामार्गे नागपूरच्या खेपा संपल्या, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आता आम्ही घरचे दर तीन महिन्यांनी पीएसएच्या रिपोर्टची वाट बघतो. ग्रंथी काढल्यावर आकडा जवळजवळ शून्य हवा. लागोपाठ दोनदा ०.२ किंवा जास्त आला की डॉक्टर सावध होतात. रेडिएशन घेतलेल्यांचा हिशेब निराळा: तिथे सर्वांत खालच्या आकड्याहून २ ची वाढ बघतात. तेव्हा शेजाऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडू नये.

आकड्यापेक्षा लघवी गळण्याची लाज मोठी. बाबा आरतीला येईनात. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम रोज केला, काही महिन्यांनी फरक पडला. पॅड अजून लागतो. आज ते मागे, दाराजवळ बसलेत. कृपया पुढे बोलावू नका.