सध्या काय वाचताय?

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहायला आलो. इथे दोन-तीनदा भेट झाली की समोरचा हमखास विचारतो, सध्या काय वाचताय? आपण बहुधा विचारतो, अमुक कादंबरी वाचली आहे का? त्याचं उत्तर हो किंवा नाही. नाही म्हणताना माणूस जरा ओशाळतो आणि गप्पा तिथेच संपतात. 'सध्या काय वाचताय' यात परीक्षा नसते. माणूस पुस्तकाच्या मधोमध असतो, त्याचं मत अजून पक्कं झालेलं नसतं. गप्पा रंगतात त्या अशा वेळी.

इको पार्कच्या तळ्याकाठी आम्ही पाच-सहा जण सकाळी फिरतो. त्यातले एक निवृत्त बँक अधिकारी गेल्या हिवाळ्यात बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'आरण्यक' वाचत होते. मी प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' पुन्हा काढली होती. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांना मामा वरेरकरांनी मराठी घराघरांत आणून बसवलं, पण मराठी कादंबरी इकडे तेवढी आलेली नाही. त्यामुळे मला ती रोज थोडीथोडी तोंडीच सांगावी लागायची.

सांगता सांगता लक्षात आलं, की दोन्हींचा सांगाडा सारखाच आहे. 'आरण्यक' १९३९ची. कोलकात्याचा सुशिक्षित बेकार तरुण सत्यचरण बिहारमधल्या जंगलात जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून जातो. त्याचं काम म्हणजे जंगलाची जमीन कुळांना वाटून देणं. त्या जंगलावर त्याचा जीव जडतो आणि तेच जंगल त्याच्या हातून संपतं. 'रारंगढांग' १९८१ची. मुंबईची नोकरी सोडून विश्वनाथ हा इंजिनियर हिमालयात सीमेवरचा रस्ता बांधायला जातो. वरिष्ठ एक सांगतात, त्याचं ज्ञान आणि मन दुसरं सांगतं. तो मनाचं ऐकतो आणि लष्करी न्यायालयापुढे उभा राहतो.

एक हुकूम पाळून पस्तावतो, दुसरा मोडून शिक्षेला तयार होतो. मी विश्वनाथाच्या बाजूचा. आयुष्यभर हुकूम दिले आणि घेतले. स्वतःच्या सहीची जबाबदारी घेणारा माणूस मला आवडतो. बँकवाले दादा म्हणाले, "कर्नलसाहेब, तुमच्या विश्वनाथाचं सोपं आहे. त्याच्यासमोर नाही म्हणायला एक अधिकारी तरी आहे. आमच्या सत्यचरणाने नाही कोणाला म्हणायचं? पानभर भात मिळेल म्हणून कोसभर चालत येणाऱ्या माणसांना?" यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्या कादंबरीतली गरिबी खरी आहे. जंगल राखावं तर माणसं उपाशी, माणसं जगवावी तर जंगल नाही.

आमचं बोलणं चहावाला रोज ऐकायचा. मातीच्या भांड्यांत चहा ओतताना एकदा त्याने विचारलं, "दादा, त्या गोष्टीत जंगल गेलं, पण जमीन शेतकऱ्याला मिळाली ना?"

आम्ही गप्प झालो. आम्ही राहतो ते न्यू टाउन राजारहाटच्या भातशेतीवर आणि मासे पाळायच्या तळ्यांवर उभं आहे. सरकारने ती जमीन संपादित केली, त्यावरून वाद झाले, मोर्चे निघाले. चहावाल्याच्या वडिलांची थोडी शेती तिथेच होती. सत्यचरणाच्या गोष्टीत कुळाच्या पदरात काहीतरी पडतं, हे त्याने नेमकं पकडलं. पुस्तक त्याने हातातही घेतलं नव्हतं.

नंतर बँकवाले दादा युगलप्रसादाबद्दल बोलायला लागले. 'आरण्यक'मधला हा माणूस कुठून कुठून रोपं आणि बिया आणतो आणि परक्याच्या जंगलात, सरस्वती कुंडाच्या काठी लावत सुटतो. त्यात फायदा काडीचा नाही. आधी दादांना तो नुसता विक्षिप्त वाटला होता. आता म्हणाले, "सगळ्या पुस्तकात हुकुमाबाहेर वागणारा हाच एक." म्हणजे त्यांच्या कादंबरीतही एक विश्वनाथ निघाला, फक्त त्याच्यावर खटला भरायला कोणी आलं नाही.

मंडळी, परीक्षणं मीही वाचतो. त्यातून पुस्तक चांगलं की वाईट ते कळतं. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून बोलायला लागलो, की पुस्तक दुसऱ्याच्या आयुष्यावर घासून पाहिलं जातं. 'रारंगढांग' मी फौजेत असताना वाचली होती, तेव्हा ती मला शिस्तीबद्दलची वाटली. चहावाल्याच्या प्रश्नानंतर तोच रस्ता वाचताना मनात येतं, तो कोणासाठी बांधला जातोय आणि दगड कोण फोडतंय?

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला, शेजारी दुसऱ्या भाषेचा वाचक असेलच. त्याला पुस्तकाचं नाव विचारा, कितव्या पानावर आहे ते विचारा, आणि आपलं पुस्तक त्याच्या भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, सांगा. पुस्तक संपेपर्यंत थांबू नका. चहा देणारा ऐकत असेल, तर त्यालाही बसायला जागा करा.