मार पडण्याआधीची तयारी

(वीटभट्टीच्या हंगामाला निघण्यापूर्वी पाड्यावर झालेल्या बैठकीतील भाषण)



भात कापून झालं. पावसात उचल देऊन गेलेले मुकादम आता न्यायला येतील. दिवाळी झाली की अर्धा पाडा भट्टीवर जाईल, तो पावसाच्या तोंडावर परतेल. कुणी जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. घरात दाणा नसेल तर माणूस जाणारच. पण भट्टीवर मारहाण झाली तर काय करायचं, हे आज इथं ठरवून मग निघायचं.

इथंच का? कारण तिथं विचार करायला वेळ मिळत नाही. ट्रक रात्री नेऊन सोडतो. पुष्कळ बायांना त्या गावाचं नावही ठाऊक नसतं. खर्ची मिळते ती तांदूळ-मिरचीपुरती, एसटीच्या भाड्याला पैसा उरत नाही. ताप आला, एक दिवस काम बंद राहिलं, की शेठचा माणूस खोपीत शिरतो. तो कशाच्या जोरावर मारतो? याच्या अंगावर आपले पैसे आहेत, हा एकटा आहे, याला इथलं काही माहीत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तयारीही या तीन गोष्टींचीच करायची.

पहिली गोष्ट उचलीची. उचल घेतली म्हणजे मार खाल्ला पाहिजे, असं आपल्यातलेच काही जण बोलतात. हे मनातून काढून टाका. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवून राबवणं हा गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. असं वेठीचं कर्ज कायद्यानं संपलेलं आहे. आणि हे कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करायचं काम मालकाचं आहे, आपलं नाही. तक्रार तहसीलदाराकडे किंवा कलेक्टरकडे करायची. त्यासाठी आपली वही हवी. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, खर्ची किती मिळाली, हे दर आठवड्याला लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेत गेलेल्या पोराकडून लिहून घ्या. शेठच्या वहीवर अंगठा देण्याआधी ती वाचून घ्या.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. एका भट्टीवर पाड्यातली निदान तीन घरं मिळून जा. निघताना नावं, मुकादमाचं नाव, भट्टीचं गाव आणि जवळचा नाका कार्यकर्त्याकडे लिहून द्या. मारहाण सुरू झाली तर कोण काय करणार, हे आधीच वाटून घ्या. एकानं पोरं बाजूला न्यायची. दोघांनी जवळ उभं राहून ओरडायचं आणि नीट बघायचं, कारण पुढे साक्ष तेच देणार. एकानं नाक्यावर जाऊन फोन करायचा. भाड्याचे पैसे पदराच्या गाठीत वेगळे ठेवायचे, ते खर्चीत मोडायचे नाहीत. वार अडवा, हात धरा, जीव वाचवायचा हक्क तुम्हाला आहेच. पण रागाच्या भरात फावडं घालू नका. तो घाव शेठच्या कामी येतो, आणि दुसऱ्या दिवशी आरोपी आपणच होतो.

तिसरी गोष्ट माहितीची. जखमी माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या. "आधी पोलिसांचा कागद आणा" असं डॉक्टरला म्हणता येत नाही. आधी उपचार, कागद नंतर, असं सुप्रीम कोर्टानं १९८९ साली सांगितलं आहे. कुणी मारलं, कशानं मारलं, हे डॉक्टरला सांगून लिहायला लावा. "पडलो" असं भीतीनं सांगू नका. मग पोलीस ठाणं. फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा, नक्कल मागा, ती फुकट मिळते. नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लिहून पोष्टानं जिल्ह्याच्या एसपीकडे पाठवा. मारणारा अनुसूचित जाती-जमातीतला नसेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदाही आहे. मुकादम आपल्यातलाच असेल तर तो कायदा त्याला लागत नाही, पण मारहाणीचा गुन्हा लागतोच.

आता बायांबद्दल. हे झाकून ठेवू नका. पाण्याला, लाकडाला दोघी-दोघी जा. कुणावर जबरदस्ती झाली तर अंगावरचे कपडे धुऊ नका, जपून ठेवा. तपासणी होईपर्यंत आंघोळ करू नका. आणि पुरुषांनो, "तू तिथं गेलीस कशाला" हा प्रश्न आपल्या तोंडून येता कामा नये. तिच्याबरोबर ठाण्यात जायचं.

कुणी विचारेल, जमिनीच्या लढ्यात हे कशाला? ज्याच्या घरात पावसाळाभर नाचणी-वरई आहे, तो श्रावणात मुकादमापुढे हात पसरत नाही. एकसाली प्लॉट नावावर होईपर्यंत आपली माणसं भट्टीवर जाणार, आणि ती धडधाकट परत आली तरच हा लढा चालणार.

म्हणून आज उठण्याआधी दोन कामं करू. प्रत्येक घरानं यादीत नाव घालायचं. आणि प्रत्येकानं इथं उभं राहून एकदा तक्रार बोलून दाखवायची: कुणी, कधी, कुठं, कशानं मारलं, कुणी बघितलं. इथं आपल्या माणसांत तोंड उघडलं, तर तिथं ठाण्यातही उघडेल. चला, पहिली कोण उठते?

जिंदाबाद!