लयीचा लंबक

छत्रपति संभाजीनगरांतील पुंडलिकनगर ही दाट वस्ती. अशा वस्तींत एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी सायंकाळीं गिटार घेऊन बसला, कीं त्याची प्रगति शेजाऱ्यांना न विचारतां कळते. सोपा भाग आला कीं हात धांवूं लागतो. कठीण वळण आलें कीं लय अडखळते. तें पार पडलें कीं सुटकेच्या आनंदांत पुन्हां धांव. वाजविणाऱ्याला मात्र यांतलें कांहींच जाणवत नाहीं. त्याचें लक्ष बोटांत गुंतलेलें असतें, आणि गुंतलेल्या मनाला काळ मोजतां येत नाहीं. पुढें स्नेहसंमेलनांत याच मुलाला एखाद्या गाणाऱ्या मुलीची साथ करावयाची असते. अंतऱ्यानंतर तो घाईनें पुढें निघून जातो, तिचा श्वास पुरत नाहीं, आणि बिचारीला शब्द गिळावे लागतात. श्रोते दोष देतात तो तिच्या गळ्याला!

या दुखण्यावर युरोपांत दोनशें वर्षांपूर्वीं एक उपाय निघाला, तो मेट्रोनोम. लंबक काळ मोजतो हें तेव्हां जुनेंच ज्ञान होतें. परंतु साध्या लंबकाकडून मिनिटाला 40 टोले घ्यावयाचे, तर त्याची लांबी 2 मीटरांहून अधिक हवी. एवढें धूड दिवाणखान्यांत कोण टांगणार? 1814 सालीं ॲमस्टरडॅम येथील डीट्रिख विंकेल यानें दांडीला टेकूच्या खालीं आणि वर अशीं दोन वजनें लावलीं. तीं एकमेकांना जवळजवळ तोलून धरीत असल्यामुळें वीतभर दांडीही संथपणें डोलूं लागली. योहान मेल्झेल यानें तिला अंकांची पट्टी जोडली आणि 1815 सालीं पेटंट घेतलें तें स्वतःच्या नांवें. कल्पना एकाची आणि कीर्ति दुसऱ्याची, हा व्यवहार संगीताच्या प्रांतांतही चालतो. बीथोव्हेननें 1817 सालीं आपल्या पहिल्या 8 सिंफन्यांना मेल्झेलचे अंक लावले. त्यांतले कांहीं इतके द्रुत आहेत, कीं ते खरे मानावेत कीं नाहीं याविषयीं वादकांत अद्याप एकमत नाहीं. आज हेंच यंत्र फोनमध्यें फुकट मिळतें; कदाचित् म्हणूनच तें फारसें कोणी वापरीत नाहीं.

गति वाढविण्यासाठीं आधीं ती कमी करावी लागते, हें तरुणांना पटणें कठीण. अंक 60 वर ठेवावा; एका टोल्यांत चार स्वर, म्हणजे मिनिटाला 240 झाले. प्रत्येक स्वर स्वच्छ उमटला, बोट पट्टीच्या लगत मागें पडलें, तार छेडणारी पिक खालीं-वर सारख्या अंतरानें फिरली, असें लागोपाठ तीनदां साधलें कीं 64 वर जावें, मग 68 वर. बोटें आखडलीं कीं निमूटपणें दोन पायऱ्या खालीं उतरावें. सारी धून पुनःपुन्हां घोळण्यापेक्षां अडखळणारी जागाच तेवढी वेगळी काढून बसवावी. घाईंत वाजविलेली चूक हाही एक सरावच असतो. हात ती चूकही तितक्याच निष्ठेनें पाठ करतो.

आपल्याकडे लयीचा धाक नवा नाहीं. अहमदजान थिरकवांसारखे तबलानवाज गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या साथीला बसत, त्या काळीं लयीला चुकणें म्हणजे काय, हें पिटांतल्या प्रेक्षकालाही कळे. तबला शिकणाऱ्याला लेहरा धरून आणि गायन शिकणाऱ्याला हातावर टाळी-खाली देत बसावें लागतें. या शिस्तीपुढें मेट्रोनोम थोडा अरसिकच ठरतो. त्याचे सगळे टोले सारखे. त्रितालाच्या 16 मात्रांत मात्र समेचें वजन निराळें आणि नवव्या मात्रेवरील खालीचें निराळें. अमीर खांसाहेबांचा अतिविलंबित झूमरा तर मेल्झेलच्या पट्टीवर मावतच नाहीं. त्या पट्टीचा सर्वांत संथ अंक 40, आणि खांसाहेबांची मात्रा त्याच्याहून कितीतरी सावकाश.

तथापि यंत्राचा हा अरसिकपणा विद्यार्थ्याला उपयोगीं पडतो. तें कोणाची भीड धरीत नाहीं. धोका आहे तो निराळाच: टोल्याची कुबडी कायमची होऊन बसते. म्हणून हात बसल्यावर टोले विरळ करावेत. 160 च्या लयींतील त्रिताल वाजवितांना अंक 40 वर ठेवला, तर टोला 1, 5, 9 आणि 13 या मात्रांवरच पडतो. मधल्या तीन-तीन मात्रा वादकानें स्वतः सांभाळावयाच्या. कांहीं फोनांवरील मेट्रोनोमांत याच्याही पुढची सोय असते: दोन आवर्तनें टोला ऐकूं येतो आणि पुढचीं दोन मुकीं जातात. पहिले कांहीं दिवस मुक्या आवर्तनांनंतर परतलेला टोला हातापासून बराच दूर सांपडतो, आणि बहुधा तो मागेंच असतो, कारण हात धांवलेला असतो. हें अंतर मिटून सम नेमकी टोल्यावर येऊं लागली, कीं त्या गाणाऱ्या मुलीला तालमीसाठीं पुन्हां बोलावण्यास हरकत नाहीं.