शिधा, तवा आणि चट्टी



व्याख्यानमालेतील आजच्या पुष्पाचा विषय जाहीर झाल्यापासून गावातील तीन-चार तरुणांनी मला वाटेत गाठून एकच प्रश्न विचारला : “गुरुजी, हिमालयात जायला कमीत कमी किती पैसे लागतात?” प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरचा जमाखर्च हळदीच्या आणि सोयाबीनच्या भावावर टेकलेला आहे, त्याने तो सर्वांआधी विचारावा हेच योग्य. परंतु पैसा किती लागतो यापेक्षा तो कोठे वाचवावा आणि कोठे हात आखडू नये, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

अल्प द्रव्यात दूरचा मुलूख गाठण्याची विद्या आपल्या हिंगोली जिल्ह्याला परकी नाही. नर्सीच्या शिंपी कुळातील ज्या नामदेवांना औंढ्यास विसोबा खेचरांचा उपदेश झाला असे परंपरा सांगते, ते पुढे पंजाबापर्यंत पोहोचले. घुमान येथील त्यांचे स्मृतिस्थान आणि गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेली त्यांची 61 पदे त्या संचाराची साक्ष आजही देत आहेत. त्यांच्या पाठीशी कोणाचा खजिना नव्हता. आजही आषाढीला निघणाऱ्या दिंडीत वारकरी भिशीचे पैसे भरतो आणि त्या पैशांत अनेक दिवसांचे जेवण आणि मुक्काम उरकतो. कारण वाटेवरचा गावन् गाव आपल्या वाट्याचा भार आपण होऊन उचलतो. भिशीच्या वहीत मात्र गावांनी उचललेल्या या भाराची नोंद कोठेच सापडत नाही.

अर्वाचीन काळातील उदाहरण घ्यावयाचे तर मी काकासाहेब कालेलकरांचे घेईन. 1885 साली साताऱ्यास जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झालेले, मुंबईच्या ‘राष्ट्रमत’ पत्रात आणि त्यानंतर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात राष्ट्रकार्य करणारे हे तरुण शिक्षक, सरकारच्या वक्रदृष्टीमुळे ते विद्यालय बंद पडल्यावर, 1912 साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्या संगतीने हिमालयात पायी हिंडले. हाताशी काम उरले नव्हते आणि पुढचा मार्ग दिसत नव्हता, अशा वेळी मनुष्य सहसा घरी परततो. त्यांनी यमुनोत्री, गंगोत्री, केदार आणि बदरी यांची वाट धरली. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी मराठीत न लिहिता गुजरातीत लिहिले, याची हळहळ मला तरी अजून वाटते.

त्या काळी ऋषीकेशाच्या पुढे मोटार जात नव्हती. यमुनोत्री आणि गंगोत्री टिहरी संस्थानात, तर केदार आणि बदरी इंग्रजी अमलाखालच्या गढवालात. श्रीमंत यात्रेकरू चौघांच्या खांद्यावरच्या दांडीत बसून जाई. अशक्त माणूस कंडीत, म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत बसे. बाकीचे सारे पायी चालत. या पायी चालणाऱ्यांसाठी वाटेवर थोड्याथोड्या अंतराने चट्ट्या होत्या. चट्टी म्हणजे गवताने किंवा फळ्यांनी शाकारलेली पडवी आणि तिला लागून दुकान. तिथला दस्तूर असा की दुकानदाराकडून कणीक, डाळ, तूप घेतले की मुक्कामाला जागा आणि स्वयंपाकाला भांडी विनामूल्य मिळत. ज्याला तेवढेही परवडत नसे त्या साधूसाठी बाबा काली कमलीवाल्यांनी उभारलेल्या धर्मशाळांतून सदावर्त चाले. म्हणजे गरीब यात्रेकरूची तजवीज त्या डोंगराने आधीच करून ठेवली होती. तथापि ही तजवीज टिकली ती यात्रेकरूने आपला वाटा चुकता केला म्हणून, हे विसरून चालणार नाही.

याच कारणास्तव, हमालाची मजुरी घासाघीस करून निम्म्यावर आणणाऱ्याला काटकसरी म्हणण्यास मी तयार नाही. काटकसर आपल्या अंथरुणात करावी, ताटात करावी, वाहनात करावी. दुसऱ्याच्या पाठीवर करू नये. दहा हजार फुटांवर अर्धा मण ओझे वाहणाऱ्याचा श्वास ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

मी स्वतः 1984 च्या मे महिन्यात हिमालयाकडे निघालो. त्या वेळी हिंगोलीहून खांडव्याकडे मीटरगेजची गाडी जात असे. तिच्या लाकडी बाकावर रात्र काढून, पुढे मजल दरमजल करीत, हनुमान चट्टीला बसमधून उतरलो. तेथून यमुनोत्री सुमारे 13 किलोमीटर, सगळी पायवाट. पिशवीत घरचे चार शेर ज्वारीचे पीठ, लसणाची चटणी आणि तुरीची डाळ होती. संध्याकाळी एका चट्टीवर थांबलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की शिधा माझाच असल्याने तेथील भांड्यांवर माझा हक्क नाही. दुकानदाराने काही न बोलता परात आणि तवा पुढे केला. डाळ मात्र दोन तास आधणात राहूनही शिजेना. त्या उंचीवर पाणी लवकर, म्हणजे शंभर अंशांच्या बरेच आधी उकळते आणि तूर काही केल्या फुटत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. भुकेल्या पोटी ते त्या रात्री कळले. दुकानदाराची बायको हसली, डाळ उतरवून ठेवली आणि मला बटाटे दिले. मग मी भाकरी थापू लागलो. ती जवळ येऊन बसली, पीठ चिमटीत धरून पाहिले, आणि तिच्याकडच्या मंडुव्याचे, म्हणजे आपल्या नाचणीचे, पीठ मळून तिनेही दोन्ही तळव्यांमध्ये एक भाकर थापली. एकाच तव्यावर एकामागून एक दोन्ही भाकरी भाजल्या. माझी पांढरी, तिची काळसर.

सकाळी राखेने परात घासून परत केली आणि जागेचे, सरपणाचे पैसे विचारले. बटाट्यांचे तेवढे पैसे दुकानदाराने घेतले, बाकीचे परत सारले. तेवढ्यात त्याची बायको रिकामा डबा घेऊन बाहेर आली आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवून उभी राहिली. परतीच्या वाटेपुरते पीठ ठेवून उरलेली ज्वारी मी त्या डब्यात ओतली. तिने डबा एकदा आपटून पीठ बसवले आणि वर आणखी एक मूठ मागितली.