सहा महिन्यांचं औषध

कोरोनात आपल्या खारघरमध्ये घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं. गडद कातडीवर ते प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये दाखवून दिलं. गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांची प्राणवायूची घट त्यातून जवळपास तिप्पट वेळा निसटत होती. यंत्राच्या मनात कुणाबद्दल आकस थोडाच असतो? खोट घडणीतच होती.

सरकारी यंत्रणेतही अशी खोट असते. फासेपारध्यांचंच बघा. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा चिकटवला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द होऊन या जमाती विमुक्त ठरल्या, कागदावर. पण 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि शिक्का तसाच राहिला. कुठे चोरी झाली की संशय आजही आधी पारध्यांच्या पालांवरच जातो.

आता दवाखान्याकडे वळू. महामार्गाच्या पुलाखाली गजरे, लिंबू-मिरची विकणारी एक पारधी बाई. नवऱ्याला क्षय. गोळ्यांची पिशवी पालाच्या बांबूला टांगलेली. औषध किमान सहा महिने, खाडा न करता घ्यायचं. एक दिवस अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली, सामान उचललं, त्यात ती पिशवीही गेली. कुटुंब पनवेलकडे सरकलं. औषध असं अर्धवट तुटलं की जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात, मग आजार पुलाखालीच थांबत नाही. पोषणासाठी सरकार दरमहा 1000 रुपये देतं, पण बँक खात्यात. आणि खात्याला कागद लागतात. ती बाई म्हणाली, "डाक्तर पत्ता इचारतो. पोलीस नाय इचारत, त्याला ठावं असतो."

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्तांना मनमानी अटक करू नका, असंही बजावलं. तळोजा कारागृह तर आपल्या शेजारीच आहे. निकालाची खरी परीक्षा मात्र चौकीत, रात्रपाळीला होईल.

आणि पालं हलवायचीच असतील, तर निदान इथे औषध कोणाचं चालू आहे, एवढं आधी विचारता येईल. क्षयाचा रुग्ण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करायची सोय सरकारी नोंदणीत आहेच. पथकाने आरोग्य केंद्राला एक फोन तेवढा करायचा आहे, गाडी निघण्याआधी.