सायकलीचें माप आणि स्वाराचें शरीर

शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडच्या दिशेनें जाणाऱ्या वाटेवर सायकल दोन प्रकारच्या माणसांच्या हातीं दिसते. एक, शाळेला अगर बाजाराला निघालेला गांवकरी. दुसरा, मुंबई-ठाण्याहून माळशेज अगर कसारा घाटाचा चढ आजमावण्यास आलेला हौशी स्वार. पहिल्याला पोंचण्याची निकड, दुसऱ्याला वेगाची आवड. परंतु सायकल अंगाला बसवून घेण्याची गरज दोघांनाही सारखीच, आणि तिच्याकडे बहुधा दोघांचेंही दुर्लक्षच होतें.

आराम आणि वेग ह्या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा एक समज रूढ आहे. सीटच्या उंचीपुरतें पाहिलें तर तो फारसा खरा नाहीं. सीट फार खालीं असल्यास गुडघा सदैव वांकलेला राहून त्याच्या पुढच्या भागावर ताण पडतो. फार वर असल्यास पाय पुरविण्यासाठीं कंबर डावी-उजवीकडे हेलकावते व गुडघ्याच्या मागची बाजू ओढली जाते. दोन्ही प्रकारांत दुखणें वाढतें आणि पायांचा जोरही वायां जातो.

योग्य उंची शोधण्याची रीत सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावें, पॅडल अगदीं तळाशीं आणावें व त्यावर टाच टेंकावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर कलतां कामा नये. मग टाचेऐवजीं चवडा ठेवला कीं गुडघ्याला आपोआप थोडा बांक येतो. पायाच्या आंतल्या लांबीच्या १०९ टक्के अंतर सीट व पॅडल यांमध्यें असावें, असें हॅम्ले व थॉमस या संशोधकांनीं १९६७ सालीं सुचविलें होतें. पुढील अभ्यासकांनीं मात्र गुडघ्याच्या बांकालाच अधिक महत्त्व दिलें. पॅडल तळाशीं असतां तो सुमारें २५ ते ३५ अंश असावा, असें त्यांचें म्हणणें. फेरफार करावयाचा तो एका वेळीं अर्ध्या सेंटिमीटराहून अधिक नसावा.

हँडलच्या बाबतींत मात्र खरी तडजोड करावी लागते. वेग दुप्पट झाला कीं हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून सपाट रस्त्यावर शर्यतीचा स्वार हँडल खालीं ठेवून वांकतो. परंतु ताशी आठ-दहा किलोमीटरांनीं माळशेज चढणाऱ्याचें भांडण वाऱ्याशीं नसून स्वतःच्या वजनाशीं असतें. तेथें अति वांकल्यानें मान आणि मनगटें तेवढीं दुखतात. उलट, गांवांतील काळ्या सायकलीवर ताठ बसणाऱ्याचा बहुतेक भार सीटवरच येतो. तिला रुंद, स्प्रिंगची सीट असते ती याच कारणानें.

कसारा घाटापलीकडील नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी पार करणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. इतक्या लांबच्या मजलेंत, जी बैठक शेवटपर्यंत सोसवते तीच वेगाची.

हा विचार खेळापुरता नाहीं. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली मिळतात. त्या चार-पांच वर्षांत मुलीची उंची वाढते. सीट मात्र पहिल्या दिवशीं होती तेथेंच राहते. दर सहा महिन्यांनीं एक पाना व पांच मिनिटें खर्च केलीं, दांडीवरील मर्यादेच्या खुणेपलीकडे न जातां सीट वर घेतली, तर रोजची वाट सुसह्य होईल. ज्या घरीं सायकल आहे, त्या घरीं हा पाना अवश्य असावा.